आवणीला की खळ्याला?

अकोले तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेला मी कुपोषणावरच्या प्रश्नाला दहापैकी चार गुण दिले होते. साल २००६. इतकी वर्षं झाली, तरी ते चार गुण मनातून जात नाहीत.

मी तेव्हा तिथे कॉलेजात मराठी शिकवत होते आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक म्हणून जात होते. मुक्त विद्यापीठात शिकवणाऱ्याला संमंत्रक म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द फार जड वाटला होता. पुढे आवडायला लागला, कारण त्यात सल्लामसलत आहे, समोरासमोर बसणं आहे. रविवारच्या त्या वर्गात एसटीचे वाहक असायचे, पतसंस्थेतले शिपाई, होमगार्ड, एक पोलीसपाटील, साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणारे एक काका. आणि पाच-सहा अंगणवाडी सेविका. त्या नेहमी घोळक्याने यायच्या आणि शेवटच्या दोन बाकांवर बसायच्या, पिशवीत पाठ्यपुस्तकाबरोबर हजेरीची आणि वजनाची रजिस्टरं घेऊन.

यातल्या एक ताई राजूरच्या पुढून, घाटघरच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून यायच्या. बेचाळीस वर्षांच्या. सातवीनंतर शाळा सुटलेली, १९८८ पासून अंगणवाडी. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते, म्हणून पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बी.ए.ला आलेल्या. बारावी न झालेल्या माणसाला पदवीच्या दारात आणणारा हा पूर्वतयारी अभ्यासक्रम ही आपल्याकडची केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. घरोघरी हा शब्द किती खरा होता ते मला त्या शेवटच्या दोन बाकांनी दाखवलं.

तर स्वाध्यायात प्रश्न होता: कुपोषणाची कारणे सांगून त्यावरील उपाय लिहा. ताईंनी साडेचार ओळी लिहिल्या होत्या. गरिबी, अज्ञान, अंधश्रद्धा, लोकसंख्यावाढ. उपाय म्हणून जनजागृती. अक्षर गोल, सुबक, रजिस्टर भरून भरून वळण लागलेलं. मी समासात लिहिलं, ‘मुद्दे अपुरे. उदाहरणे द्या.’ आणि चार गुण दिले. वही परत देताना त्या म्हणाल्या, “बरोबर आहे मॅडम. मला त्यातलं काही येत नाय.”

त्या दिवशी त्यांची दुपारची गाडी चुकली. पुढची पाचला. मी डबा उघडला, त्या पायरीवर बसून महिन्याचा अहवाल भरत होत्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, वजन कसं घेता तुम्ही मुलांचं?

पुढचे दोन तास मी फक्त ऐकत होते.

आढ्याला साल्टर काटा टांगायचा, त्याला झोळी, झोळीत पोर. पोर रडतं, पाय झाडतं, काटा नाचतो. “दोन हुंदक्यांच्या मधी जो काटा दिसंल तो लिवायचा,” त्या म्हणाल्या. वजनाला आया तयार नसायच्या, टांगलेल्या पोराला नजर लागते म्हणून. मग पहिल्या वर्षी ताईंनी स्वतःच्या मुलाला सगळ्यांसमोर झोळीत घातलं आणि दर महिन्याला पहिलं वजन त्याचंच घेतलं. ओलं लंगोट, कमरेचा करदोटा, हातातले कडे यांचे किती ग्रॅम वजा करायचे याचा त्यांचा ठोकताळा होता.

पण खरी मेख वजनात नसतेच, ती वयात असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्या वेळी कुपोषणाच्या श्रेणी असायच्या, एक ते चार. सॅम आणि मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) हे शब्द नंतर आले. श्रेणी ठरायची वयाच्या मानाने वजन किती यावर. आणि वाडीत जन्माची तारीख कुणालाच धड माहीत नसायची. बाळंतपण घरी, नोंद जेव्हा कधी ग्रामसेवक भेटेल तेव्हा. आई म्हणायची, असंल वर्साचा. वय चार महिन्यांनी चुकलं तर श्रेणी बदलते, आणि श्रेणी चुकली तर ज्या पोराला दुप्पट आहार मिळायला हवा त्याला तो मिळत नाही.

“मग मी इचारते,” ताई म्हणाल्या, “आवणीला झाला का खळ्याला? आवणीला म्हणली तर तेवढ्यावर नाय भागत. आवणी महिनाभर चालते. मग इचारायचं, तुझी आवणी उरकली व्हती का शेजारणीकडं इर्जिक चालू व्हती? काजवे व्हते का तव्हा झाडांवर? बोहाडा झाला व्हता का? गौरी बसल्या व्हत्या का? आसं करत करत आठ दिवसांवर येते मी.” आवणी म्हणजे भाताची लावणी, खळं म्हणजे मळणीचा हंगाम, इर्जिक म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून केलेलं काम, आणि बोहाडा म्हणजे सोंगं नाचवण्याचा आदिवासी उत्सव.

त्यांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर उभ्या-आडव्या रेघा मारलेलं एक टिपण होतं. एका बाजूला इंग्रजी महिने, दुसऱ्या बाजूला भातलावणी, नागलीची लावणी, पोळा, दसरा, भाताची सोंगणी, खळं, शिमगा, आखिती, काजवे. काही वर्षांपुढे खुणा: अमक्या साली पूल वाहून गेला, तमक्या साली वाडीत वीज आली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणात नुसतं सांगितलं होतं की वय अचूक लिहा. अचूक कसं, ते त्यांनी स्वतः शोधलं होतं.

पुष्कळ वर्षांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीच्या पुस्तकात मला हीच गोष्ट भेटली. पोषणाच्या पाहण्यांमध्ये जन्मदाखला नसेल तिथे स्थानिक घटनांचं कॅलेंडर तयार करून मुलाचं वय काढावं, अशी पद्धत. जगभर वापरतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवतात. भाचीने मला ती समजावून सांगायला सुरुवात केली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते मागचं पान आलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताई म्हणाल्या, काट्यावर दिसायच्या आधी पोर आजारी दिसतं. कसं? “पोराच्या तोंडावर माशी बसली आन् त्यानं हात नाय हालवला, का समजायचं.” कोणत्याही आलेखाची रेघ खाली वळण्याआधी त्यांना ते पोर कळायचं. त्या पोराच्या आईला नारायणगावकडे कांदा-टोमॅटोच्या कामाला जाण्यापासून महिनाभर कसं थांबवायचं, सासूला कसं पटवायचं, धाकट्या पोराला सांभाळणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीलाच खिमट भरवायला कसं शिकवायचं, हे सगळं त्या सांगत होत्या. उपाय! माझ्या प्रश्नाचे दहा-बारा पानं भरतील इतके उपाय. आणि तरी त्यांनी लिहिलं होतं: जनजागृती. कारण पुस्तकात तोच शब्द होता, आणि परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं असतं असं त्यांना वाटत होतं. असं त्यांना वाटायला लावणाऱ्यांत मीही होते. ‘उदाहरणे द्या’ असं मी लिहिलं खरं, पण तुमची उदाहरणं द्या, असं लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचे तीन रविवार मी वेगळी वही घेऊन त्यांच्याबरोबर बसले. त्या बोलायच्या, मी लिहायचे. बत्तीस नोंदी झाल्या. मग मी आमच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं काढली आणि कोणती नोंद कुठल्या घटकाशी जुळते ते पेन्सिलने लिहीत गेले. समाजशास्त्रातल्या कुटुंबाच्या घटकाशी सहा नोंदी. संवादकौशल्याशी नऊ. बालविकासाशी बारा. हे कशासाठी करते आहे, मला नीट ठाऊक नव्हतं. त्या नोंदी घेऊन जायला कुठलं टेबल नव्हतं, कुठला अर्ज नव्हता. अनुभवातून आलेलं ज्ञान पदवीत धरायचं, हा विचारच आपल्याकडच्या उच्च शिक्षणात तेव्हा रुजलेला नव्हता. दार उघडलं होतं, ही मोठी गोष्ट. पण दारातून आत आल्यावर प्रत्येकाने पहिल्या पायरीपासूनच चढायचं होतं, मग तो अठरा वर्षांचा मुलगा असो की अठरा वर्षं वाडी सांभाळलेली बाई.

शिक्षणशास्त्रातली माणसं शिकण्याचे तीन प्रकार सांगतात. शाळा-कॉलेजातलं ते औपचारिक. प्रशिक्षण शिबिरं, बचत गटांचे वर्ग, अंगणवाडीचं सुरुवातीचं प्रशिक्षण आणि मग अधूनमधून होणारे उजळणी वर्ग हे अनौपचारिक. त्याला आखणी असते, पण पदवी नसते. आणि तिसरं सहज शिक्षण, जगता जगता अंगी मुरलेलं, ज्याला आपण शिकलो असंही माणूस म्हणत नाही. ताईंचं ‘मला त्यातलं काही येत नाय’ हे या तिसऱ्याचं नेमकं लक्षण आहे. सहज आलेलं माणसाला येणं वाटत नाही. म्हणूनच ते ओळखायला दुसरं कुणीतरी लागतं, समोर बसून विचारणारं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे यासाठी बरंच काही कागदावर आलं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासूनच पूर्वज्ञानाच्या मान्यतेची सोय आहे. गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी लोकांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्रं मिळाली. पण ते जग कौशल्यांचं, विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कुंपणाला फट पडली. २०२१ मध्ये क्रेडिट, म्हणजे शिकण्याचे श्रेयांक, साठवण्याची अकॅडमिक बँक आली. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला, आणि त्यात प्रथमच शालेय, उच्च आणि व्यावसायिक शिक्षण एकाच मापाने मोजायचं ठरलं, शिवाय अनुभवातून आलेल्या शिक्षणालाही, मूल्यमापन करून, क्रेडिट देता येईल असं म्हटलं गेलं. मी तो आराखडा वाचला त्या रात्री ती जुनी वही कपाटातून काढली.

आराखड्यानुसार तीस तासांच्या शिकण्याला एक क्रेडिट. वर्षाचे बाराशे तास, चाळीस क्रेडिट. तीन वर्षांची पदवी म्हणजे एकशे वीस. मी वहीच्या मागे हिशेब मांडला. अठरा वर्षं, वर्षाला तीनशे दिवस, रोजचे चार तास. एकवीस हजार सहाशे तास. भागिले तीस, सातशे वीस क्रेडिट. सहा पदव्या!

हिशेब बघून आधी आनंद झाला आणि मग लक्षात आलं की हे खोटं आहे. तास म्हणजे शिकणं नाही. अठरा वर्षं तोच खाऊ वाटणारी आणि तेच रजिस्टर भरणारी सेविकाही मी पाहिली आहे. तिचे तासही तेवढेच भरतात. ताई वेगळ्या होत्या त्या तासांमुळे नाही, त्या मागच्या पानामुळे. अनुभव आणि अनुभवातून शिकणं यांत हे अंतर आहे, आणि ते अंतर नोकरीच्या दाखल्यावरून कळत नाही. मला भीती वाटते ती इथे. आपण दाखला बघू, वर्षं मोजू, कोष्टकातून क्रेडिट काढू आणि मान्यता दिली म्हणू. ऐकायला कुणी बसणारच नाही.

आणि ऐकायला बसलं तर सगळंच गोड ऐकू येत नाही, हेही सांगायला हवं. त्या बत्तीस नोंदींत एक अशी होती: खोकला असलेल्या पोराला केळं द्यायचं नाही, थंड पडतं. अशक्त पोराच्या तोंडचा घास त्यामुळे जात होता. वजनाच्या आलेखावरची रेघ त्यांना वाचता यायची, पण टक्केवारी काढता यायची नाही, त्यामुळे श्रेणी ठरवताना तक्ता हरवला की अडायचं. म्हणजे त्यांना बालविकासातला अर्धा पेपर पुन्हा शिकायची गरज नव्हती, आणि थोडं शरीरशास्त्र, थोडं गणित शिकायची खूप गरज होती. आम्ही मात्र त्यांना येणारं आणि न येणारं सारख्याच गतीने शिकवत होतो. काय येतं ते नीट पाहिलं असतं तर काय येत नाही तेही दिसलं असतं, आणि त्यांचे मोजके रविवार तिथे लागले असते. पूर्वज्ञान ओळखणं ही मेहेरबानी आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी हे केळं सांगते.

माझे एक सहकारी या विषयावर कळवळून भांडायचे. म्हणायचे, अशी सूट दिली की बोगस दाखल्यांचं दुकान उघडेल, आणि रात्र रात्र जागून सेट-नेट झालेल्या आमच्या पोरांनी काय करायचं? त्यांची काळजी खोटी नव्हती. आपल्याकडे जातीच्या दाखल्यापासून क्रीडा प्रमाणपत्रापर्यंत काय काय विकत मिळतं ते आपण पाहिलं आहे. पण मला वाटतं, बोगसपणा दाखल्यात घुसतो, संभाषणात सहसा घुसत नाही. ज्याने कधी पोराचं वजन घेतलं नाही त्याला दोन हुंदक्यांमधला काटा ठाऊक असणार नाही. तासभर समोर बसून विचारा, त्याच्या कामाच्या जागी जाऊन बघा. परीक्षेतली कॉपी पकडण्यापेक्षा हे सोपं आहे. फक्त वेळ लागतो, आणि विचारणाऱ्याला त्या कामातलं काहीतरी कळावं लागतं.

फ्रान्समध्ये हे पुष्कळ आधी झालं. तिथे १९८५ पासून कामाच्या अनुभवावर विद्यापीठात प्रवेशाची सूट मागता यायची, आणि २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या बळावर अख्खी पदवी मिळवायचा हक्क दिला. उमेदवार आपल्या कामाची सविस्तर फाइल लिहितो, मग परीक्षकमंडळापुढे बसतो. मंडळ पूर्ण पदवी देऊ शकतं, किंवा अर्धी देऊन सांगू शकतं, एवढं राहिलं आहे, ते शिकून या. ही दुसरी सोय मला फार शहाणी वाटते. पण तिथेही ती फाइल लिहिणं हाच मोठा डोंगर असतो. म्हणून वाट दाखवणारा सोबती देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे हा डोंगर आणखी उंच असणार. बॉयलरवरचे काका वाफेचा दाब आवाजावरून सांगायचे. त्यांना म्हणावं, यावर दहा पानं लिहून आणा, तर ते पुढच्या रविवारी आलेच नसते. आणि ज्यांना लिहिता-बोलता येतं, दाखले जपून ठेवता येतात, साहेब लोकांशी बोलायची सवय आहे, ते मात्र पहिल्याच फेरीत सगळी क्रेडिट घेऊन जातील. मान्यतेची सोय ज्यांच्यासाठी केली त्यांच्या हाताला ती लागलीच नाही, असं होऊ नये म्हणून एकच उपाय मला दिसतो: फाइल उमेदवाराने लिहायची नाही, विद्यापीठाच्या माणसाने ऐकून लिहायची. उमेदवाराच्या बोलीत.

यात नवं काही नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ओव्या रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने त्या कविता छापल्या गेल्या. मध्ये कुणी वही घेऊन बसलं नसतं तर त्या कविता असोद्या-जळगावच्या शेतातच राहिल्या असत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे, नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं. शाळेने ज्यांना फार काही दिलं नाही अशा तीन माणसांची नावं महाराष्ट्राने तीन विद्यापीठांच्या कमानींवर कोरली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. शहाणपण कुठून येतं हे या मातीला ठाऊक आहे. म्हणूनच वाटतं, कमानीवर जे लिहिलं ते आत प्रवेशाच्या खिडकीपर्यंत का पोचू नये?

आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत. कधी शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, घरात बीजबँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृषी महाविद्यालयांतली मुलं सहलीने तिथे येतात, वाल आणि भाताची वाणं पाहतात, वह्या भरून नेतात. त्या मुलांना त्या भेटीचे गुण मिळतात. मी एकदा अशाच एका बसमधून उतरणाऱ्या मुलांकडे बघत उभी होते तेव्हा मनात आलं, राहीबाईंच्या वाडीत त्यांच्यासारखंच बी ओळखणारी एखादी तरुण सून असेल, दहावी नापास. तिला कृषी पदविकेला बसायचं असेल तर? तिला बियाण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी लागेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी जागा काढली. आपल्या क्षेत्रात पंधरा वर्षं नाव कमावलेल्या माणसाला, पदवीची अट न घालता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत जागांवर शिकवायला बोलावता येतं. चांगलं पाऊल आहे, मनापासून सांगते. उद्योगातले, कलेतले, प्रशासनातले जाणते लोक वर्गात यायलाच हवेत. फक्त त्या जागेवर मोठ्या हुद्द्यावरून उतरलेली माणसंच येत राहिली, आणि एकही सुईण, एकही कुंभारीण, एकही सेविका आली नाही, तर आपण पुन्हा तेच केलं असं होईल.

आपल्याला सत्कार छान करता येतो. शाल, श्रीफळ, मानपत्र. ताईंचाही एकदा तालुक्याला आदर्श सेविका म्हणून सत्कार झाला. भाषणांत त्यांना माता म्हटलं, त्यागमूर्ती म्हटलं, वाडीची लक्ष्मी म्हटलं. मागचं पान कुणी मागितलं नाही. त्यांच्या मायेचं कौतुक झालं, त्यांच्या बुद्धीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईच्या कामाला आपण हटकून माया म्हणतो; तिने पद्धत शोधली, पडताळली, सुधारली, असं म्हणायला आपली जीभ वळत नाही. क्रेडिट हा शब्द कोरडा आहे, पण तो मला एवढ्यासाठी हवासा वाटतो. तो मायेला मिळत नाही, ज्ञानालाच मिळतो.

आणि हे सगळं मनात आलं की ताराबाई मोडक आठवतात. बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, तेव्हा त्या बालवाडी मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. ताई ज्या खोलीत काटा टांगायच्या त्या खोलीच्या नावातच हा विचार होता: मूल जिथे आहे, त्याला जे येतं, तिथून सुरुवात करा. पाच वर्षांच्या मुलासाठी आपण हे पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं.

ताई २०१० मध्ये बी.ए. झाल्या. पर्यवेक्षिका झाल्या नाहीत, तोवर वयाची अट ओलांडून गेली होती. पदवीदानाचा फोटो त्यांनी अंगणवाडीतच लावला, वाढीच्या आलेखाशेजारी. मी बदली होऊन संगमनेरला आले. ती वही माझ्याबरोबर आली.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्या वाडीवर गेले होते. त्या आता निवृत्त आहेत. त्यांच्या जागी आलेली मुलगी पंचविशीची, बी.ए. झालेली, हुशार, गोड बोलणारी. आम्ही ओट्यावर चहा घेत होतो आणि ती मोबाइल घेऊन आली. पोषण ट्रॅकरवर एका नव्या मुलाची नोंद करायची होती. आई-बाप मजुरीला गेले असताना तिकडेच कुठेतरी बाळंतपण झालेलं, कागद काही नाही, आणि जन्मतारखेचा रकाना भरल्याशिवाय ॲप पुढे जाईना. पोराची आई दाराशी उभी होती, पदर खोचून, पोर कडेवर.

“किती महिन्यांचं गं?” मुलीने विचारलं.

“असंल की वर्साचं.”

मुलगी ताईंकडे बघायला लागली. ताईंनी कप खाली ठेवला, पोराच्या दंडाला अंगठा आणि बोट लावून पाहिलं, आणि त्याच्या आईला म्हणाल्या, “बस आधी. आवणीला झाला का खळ्याला?”